अंगावरून पांढरे जाणे : स्राव, तक्रार आणि आजार

वयात आलेल्या प्रत्येक निरोगी स्त्रीच्या योनीमार्गातून रोज थोडा ओलावा बाहेर पडतो. त्याचे प्रमाण दिवसाला साधारण एक ते चार मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका चमच्याहूनही कमी असते. हा स्राव एका जागी तयार होत नाही. गर्भाशयमुखातल्या ग्रंथी चिकट श्लेष्मा सोडतात, योनीच्या भिंतींतून रक्तद्रवाचा पाणीदार अंश झिरपतो आणि भिंतीवरच्या जुन्या पेशी झडून त्यात मिसळतात. ताजा असताना तो पारदर्शक किंवा दुधाळ दिसतो. त्याला घाण वास नसतो आणि त्याने खाज किंवा आग होत नाही. कपड्यावर वाळला की मात्र फिकट पिवळसर डाग पडतो, आणि अनेकींच्या काळजीची सुरुवात या निरुपद्रवी डागापासूनच होते.

या ओलाव्यामागे एक व्यवस्था आहे. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठते. तिच्यावर जगणारे लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि योनीचा पीएच ३.८ ते ४.५ या आम्लधर्मी पट्ट्यात राखतात. या आम्लात बाहेरचे बहुतेक रोगजंतू तग धरत नाहीत. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी १८९२ साली या जिवाणूंचे वर्णन केले. तेव्हापासून हे माहीत आहे की योनी निर्जंतुक नसते आणि तिने निर्जंतुक असूही नये. जंतुनाशक घातलेल्या पाण्याने किंवा सुगंधी द्रावणाने आतून धुण्याची सवय याच कारणाने अपायकारक ठरते, कारण त्यात राखण करणारे जिवाणूच आधी मरतात. बाहेरच्या भागाला साधे पाणी पुरते आणि आतला भाग स्वतःला स्वच्छ ठेवतो. ‘इंटिमेट वॉश’च्या जाहिरातींनी शहरी मध्यमवर्गात नेमकी याच्या उलट समजूत पसरवली आहे.

स्राव महिनाभर सारखा राहत नाही. पाळी संपल्यावर काही दिवस तो जवळजवळ नसतोच. स्त्रीबीज सुटण्याचे दिवस जवळ आले की इस्ट्रोजेन वाढते आणि स्राव भरपूर, पारदर्शक व निसरडा होतो. दोन बोटांत धरला तर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी त्याची तार निघते. शुक्राणूंना वर जाता यावे म्हणून गर्भाशयमुखाने केलेली ही तयारी असते. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाने तोच श्लेष्मा घट्ट आणि चिकट होऊन वाट बंद करतो. आयुष्याच्या टप्प्यांनुसारही तो बदलतो. आईच्या संप्रेरकांमुळे नवजात मुलीलाही पहिल्या काही दिवसांत पांढरा स्राव दिसू शकतो. पहिल्या पाळीच्या आधी सहा महिने ते वर्षभर मुलींना पांढरे जाऊ लागते. गरोदरपणात त्याचे प्रमाण वाढते, तर अंगावर पाजत असताना आणि पाळी गेल्यानंतर कोरडेपणा येतो. शाळेत पाळीचा धडा शिकवला जातो, पण पाळीच्या आधी येणाऱ्या या स्रावाबद्दल सहसा कोणीच काही सांगत नाही. अकरा-बारा वर्षांची मुलगी मग तो आजार समजून लपवते.

नवी मुंबईतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात ही तक्रार अनेक तोंडांनी येते. दिवाळे किंवा जुहूगावातली आगरी-कोळी बाई, कोपरखैरण्यातल्या माथाडी वसाहतीत साताऱ्याकडून येऊन राहिलेली गृहिणी, तुर्भ्याच्या वस्तीतली उत्तर भारतातून आलेली मजूर, नेरूळ-सीवूड्सच्या इमारतीतली नोकरदार तरुणी, या सगळ्यांना एकच गोष्ट सांगायची असते. कोणी ‘अंगावरून जातं’ म्हणते, कोणी ‘सफेद पानी’, तरुण मुली ‘व्हाइट जातं’ म्हणतात आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून ‘धुपणी’ असते. वैद्य त्याला श्वेतप्रदर म्हणतात. तक्रार बहुधा एकटी येत नाही. सोबत कंबरदुखी, हातापायांची आग, चक्कर आणि थकवा असतो, आणि हा स्राव म्हणजे हाडे झिजून बाहेर पडत आहेत किंवा अंगातली ताकद वाहून चालली आहे, ही खात्रीही. शरीरशास्त्राच्या हिशोबाने हे खरे नाही. दिवसाला चार मिलिलिटर द्रव गेल्याने कोणाची हाडे झिजत नाहीत. थकवा मात्र खोटा नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले होते. ताकद जाण्याचे कारण बऱ्याचदा तिथे असते आणि दोष पांढऱ्या पाण्यावर येतो.

स्राव केव्हा आजाराचा असतो, हे रंगापेक्षा बदलावरून नीट ओळखता येते. त्या स्त्रीच्या नेहमीच्या चक्रात न बसणारा रंग, घाण वास, खाज, आग, लघवीला किंवा संबंधाच्या वेळी होणारे दुखणे, ओटीपोटातले दुखणे, ताप आणि रक्ताची छटा यांपैकी काहीही सोबत असेल तर तपासणी हवी.

प्रजननक्षम वयात तीन कारणे सर्वाधिक आढळतात. पहिले बॅक्टेरियल व्हजायनोसिस. यात बाहेरून एखादा नवा जंतू शिरलेला असेलच असे नाही. लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि गार्डनेरेलासारखे, एरवी थोड्या संख्येने असणारे जिवाणू माजतात. स्राव पातळ, राखाडी-पांढरा होतो आणि त्याला माशासारखा वास येतो. संबंधानंतर तो वास अधिक जाणवतो. खाज फारशी नसते. १९८३ साली आम्सेल आणि सहकाऱ्यांनी निदानासाठी चार खुणा ठरवल्या : तसा स्राव, ४.५ हून जास्त पीएच, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर येणारा वास आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंनी माखलेल्या ‘क्लू’ पेशी. चारांपैकी तीन जुळल्या की निदान पक्के. यासाठी लागणारी सामग्री कोणत्याही साध्या दवाखान्यात मावेल इतकी थोडी आहे, तरी ती फार थोड्या दवाखान्यांत वापरली जाते. मेट्रोनिडाझोलने हा आजार बरा होतो, पण वरचेवर उलटतो. गरोदरपणात त्याचा संबंध अकाली प्रसूतीशी आढळला आहे.

दुसरे कारण कँडिडा ही बुरशी. दह्याच्या कवडीसारखा घट्ट पांढरा स्राव आणि असह्य खाज ही तिची ओळख. वास नसतो आणि पीएच बहुधा बिघडलेला नसतो. चारपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. प्रतिजैविकांचा कोर्स, गरोदरपण आणि मधुमेह या तीन परिस्थितींत बुरशी फोफावते. म्हणून वारंवार खाज येणाऱ्या स्त्रीच्या रक्तातली साखर तपासणे आवश्यक असते. कितीतरी जणींचा मधुमेह प्रथम या वाटेने लक्षात येतो. पावसाळ्यात कोकणपट्टीच्या दमट हवेत न वाळलेले, घट्ट, कृत्रिम धाग्याचे आतले कपडे दिवसभर अंगावर राहिले की त्रास वाढतो. उपचार क्लोट्रिमाझोलच्या योनीत ठेवायच्या गोळीने किंवा फ्लुकोनॅझोलने होतो. गरोदर स्त्रीला तोंडाने घ्यायची गोळी देत नाहीत. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली स्टिरॉइडमिश्रित मलमे खाज दोन दिवस दाबतात आणि बुरशीला मोकळे रान देतात.

तिसरे कारण ट्रायकोमोनास, हा एकपेशीय परजीवी. पॅरिसमध्ये आल्फ्रेड दोने यांनी १८३६ साली तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. स्राव हिरवट-पिवळा, कधी फेसाळ असतो आणि आत जळजळ होते. हा संसर्ग लैंगिक संबंधातून होतो. पुरुषात बहुधा काहीच लक्षण दिसत नाही, त्यामुळे नवऱ्याने औषध घेतले नाही तर बायकोला तो पुन्हा होतो. जोडीदाराच्या उपचाराची गरज समजावणे हा या आजाराचा सर्वांत अवघड भाग आहे. एकटी बाई चिठ्ठी घेऊन घरी जाते आणि तिथे औषधाऐवजी तिच्या चारित्र्याची चर्चा सुरू होते. ही भीती तपासणी टाळण्यामागचे एक मोठे कारण आहे.

याहून गंभीर संसर्ग गर्भाशयमुखात होतात. क्लॅमिडिया आणि गोनोरिया तिथे ठाण मांडतात, अनेकदा कसलेही लक्षण न देता, आणि वर सरकून गर्भनलिकांना सूज आणतात. नलिका चिकटल्या की वंध्यत्व येते किंवा गर्भ नलिकेतच रुजण्याचा धोका निर्माण होतो. मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षे नवस करणाऱ्या आणि आयव्हीएफ केंद्रांच्या पायऱ्या झिजवणाऱ्या काही जोडप्यांच्या कहाणीचे मूळ अशा एका न दिसलेल्या संसर्गात असते.

काही प्रसंगी वेळ दवडून चालत नाही. गरोदर बाईच्या अंगावरून अचानक पाण्यासारखे जाऊ लागले तर ते पांढरे जाणे नसून गर्भजल असू शकते. तिने तडक प्रसूतिगृह गाठावे. लहान मुलीला घाण वासाचा किंवा रक्तमिश्रित स्राव आला तर जंत, आत अडकलेली वस्तू आणि लैंगिक अत्याचार या तिन्ही शक्यता पाहाव्या लागतात. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर दिसलेला रक्ताचा थेंबही तपासलाच पाहिजे.

प्रयोगशाळा नाही तिथे काय करायचे, यावर जागतिक आरोग्य संघटनेने लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत सुचवली आणि भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने ती रंगीत किटच्या रूपाने राबवली. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये योनीस्रावासाठी हिरवे किट मिळते. त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनॅझोल असते. गर्भाशयमुखाच्या संसर्गासाठी राखाडी किट असते, त्यात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. एका भेटीत मोफत औषध मिळते, ही या पद्धतीची जमेची बाजू. उणी बाजू अशी की तिचा सगळा भार बाईने सांगितलेल्या तक्रारीवर आहे. तक्रार आणि आजार यांची जुळणी किती आहे, हा प्रश्न तिच्या मुळाशी उभा राहतो, आणि त्याचे उत्तर शोधणारे दोन महत्त्वाचे अभ्यास मराठी मुलखात आणि त्याला लागून असलेल्या गोव्यात झाले.

पहिला गडचिरोलीचा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ‘सर्च’ संस्थेमार्फत वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ती प्रसिद्ध केली. त्याआधीचे बहुतेक आकडे रुग्णालयात येणाऱ्या बायकांचे होते. येथे आजारी असोत वा नसोत, गावातल्या बायकांनाच तपासायचे होते. ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगाची काहीतरी तक्रार सांगितली. प्रत्यक्ष तपासणीत ९२ टक्के स्त्रियांत एक किंवा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक रोग आढळले. सरासरी काढली तर एकेका बाईला ३.६. त्यांपैकी सुमारे निम्मे संसर्गाचे होते. आणि आयुष्यात पूर्वी कधी आतून तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. तोवर सरकारी कार्यक्रमांच्या लेखी बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच होते. प्रजनन आरोग्य हा विषय पुढे जगभरच्या धोरणांत आला, त्यामागे या दोन गावांच्या आकड्यांचा वाटा मोठा आहे.

दुसरा अभ्यास गोव्याचा. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेतल्या सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यात १८ ते ४५ वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांना प्रश्नही विचारले आणि त्यांचे नमुनेही तपासले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १४.५ टक्के स्त्रियांनी अस्वाभाविक स्रावाची तक्रार सांगितली. पण ज्यांची तक्रार होती आणि ज्यांना संसर्ग होता, त्या स्त्रिया बऱ्याच अंशी वेगळ्या निघाल्या. तक्रारीचा अधिक घट्ट संबंध नैराश्य, चिंता आणि अंग दुखण्यासारख्या इतर शारीरिक तक्रारींशी होता. सापडलेल्या संसर्गांतही लैंगिक संबंधातून होणारे थोडे आणि योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडल्याने होणारे जास्त होते. मुंबईच्या गरीब वस्त्यांत झालेल्या ‘रिश्ता’ प्रकल्पातही पांढऱ्या पाण्याची तक्रार आणि घरातला ताण हातात हात घालून आढळले.

दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत. गडचिरोलीत गप्प असलेल्या बायका आजारी निघाल्या. गोव्यात बोलणाऱ्या बायकांपैकी अनेकींना संसर्ग नव्हता. तक्रार नाही म्हणून आरोग्य आहे असे नाही, आणि तक्रार आहे म्हणून जंतू आहेत असेही नाही. नवरा दारू पितो, सासरी मारहाण होते, झोप लागत नाही, हे डॉक्टरसमोर सांगण्याची सोय नसलेली बाई ‘पांढरं जातं आणि कंबर दुखते’ एवढे सांगू शकते. तिला ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत’ म्हणून परत पाठवणे जितके चूक, तितकेच तपासणी न करता प्रतिजैविकांची पुडी हातात ठेवणेही चूक. स्पेक्युलम लावून गर्भाशयमुख पाहणे, पीएच कागदाची एक पट्टी, काचपट्टीवरचा एक थेंब आणि दोन मिनिटे शांतपणे ऐकून घेणे, एवढ्याने बहुतेक प्रसंगी निवाडा होतो.

तो न करण्याची किंमत बीडने दाखवली. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल ओरड झाल्यावर २०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांच्यापैकी अनेकींची मूळ तक्रार अंगावरून जाण्याची, पाळीची किंवा पोटदुखीची होती. ‘पिशवीला सूज आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे सांगण्यात आल्याच्या हकिकती या स्त्रियांनी सांगितल्या. पाळीच्या दिवसांतला खाडा म्हणजे मजुरीत कपात, त्यामुळे नकार देणेही सोपे नव्हते. गोळ्यांनी बरा होणारा संसर्ग असलेल्या बाईचे गर्भाशय काढणे हा वैद्यकीय उपचार म्हणता येत नाही. आणि अंडाशयेही काढली गेली असतील तर पस्तिशीतच पाळी गेल्याचे परिणाम सुरू होतात : हाडे ठिसूळ होतात, योनी कोरडी पडते, अंगातून वाफा निघतात.

कॅन्सरची भीती दाखवून असे व्यवहार होतात, म्हणून कॅन्सरबद्दलची खरी माहिती नेमकेपणाने सांगितली पाहिजे. साधे पांढरे पाणी म्हणजे कॅन्सर नव्हे आणि त्यातून कॅन्सर होतही नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही हा विषाणू असतो. संसर्गापासून कॅन्सरपर्यंत बहुधा दहा ते वीस वर्षे जातात आणि या काळात स्रावात काहीही फरक पडत नाही. घाण वासाचा, रक्तमिश्रित, पाण्यासारखा स्राव किंवा संबंधानंतर रक्त जाणे ही लक्षणे दिसतात तेव्हा आजार बऱ्याचदा पुढे गेलेला असतो. विषाणूवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही भारतीय लस जानेवारी २०२३ मध्ये आली. ती लैंगिक संबंध सुरू होण्याच्या आधी, नऊ ते चौदा वर्षांच्या वयात दिली तर सर्वाधिक उपयोगी पडते.

लक्षण नसताना तपासणी करण्याचा उपयोग किती, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय यांनी आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेसोबत १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. वय ३० ते ५९. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या ३४ हजार स्त्रियांत आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले; चाचणी न झालेल्या साडेएकतीस हजारांत ६४. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या वस्त्यांत तर प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ॲसेटिक आम्ल, म्हणजे पातळ व्हिनेगर, लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी तपासले आणि तेवढ्यानेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी घेतलेल्या स्त्रियांना चाचणीविना ठेवल्याबद्दल नंतर कठोर टीका झाली, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही.

सरकारी कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरील स्त्रियांची ही व्हिनेगरची तपासणी दर पाच वर्षांनी व्हायची आहे. नवी मुंबईत महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रे वस्त्यावस्त्यांत आहेत; वाशी, नेरूळ आणि ऐरोलीला पालिकेची रुग्णालये आहेत; टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था खारघरलाच आहे. तीस ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने, अंगावरून काही जात असो वा नसो, जवळच्या केंद्रात ही तपासणी मागून घ्यावी. तिला काही मिनिटे लागतात आणि ती दुखत नाही.